चौदा नंबरचं बोलणं

१

जी मुलाखत हिरानं दिलीच नव्हती, ती दिल्याबद्दल तिला कामावरून काढलं होतं.

तिचा अर्ज वहीच्या फाडलेल्या पानावर होता, जेमतेम आठ ओळी. लोणावळ्याच्या ज्या व्यवस्थापन संस्थेच्या नावानं तो आला, तिथल्या संशोधनाच्या नीती समितीवर मी बाहेरची सदस्य आहे. म्हणजे वर्षातून चार बैठका, सामोसे आणि सह्या. निवृत्त होण्याआधी तीस वर्षं मी सरकारी कामगार अधिकारी होते. समोरच्याला बोलतं कसं करायचं ते मला कळतं, आणि स्वतः गप्प कसं बसायचं ते अजून कळलेलं नाही. त्यामुळे काही लचांड उपटलं की संचालक म्हणतात, नंदाबाईंकडे द्या.

अर्जात होतं: मी औंढ्याची. कामशेतजवळच्या कंपनीत पॅकिंगला कंत्राटी कामगार. तुमच्या कॉलेजच्या मुलीला आतलं सांगितलं म्हणून मला काढलं. मी तुमच्या कोणाशीच बोलले नाही. तसं लिहून द्या, म्हणजे कंपनी परत घेईल. मला पाचवा महिना आहे. कामावर असले तर बाळंतपणाची रजा मिळेल.

एवढंच मागणं. पण ते देता येत नव्हतं. संशोधनात कोण बोललं आणि कोण बोललं नाही, यातलं काहीच बाहेर सांगायचं नाही, असा आमचाच नियम. 'ही नव्हती' असं एकीबद्दल लिहून दिलं की कंपनी उरलेल्यांच्या मागे लागणार.

आणि संशोधनाचा विषय काय? कामाच्या जागी माणसं गप्प का बसतात! चैताली नावाची मुलगी त्यावर पीएचडी करत होती. कामगारांची नावं कुठेच नव्हती, नुसते नंबर. तरीही त्यातलं बोलणं कंपनीत पोचलं होतं. माझं तर डोकंच फिरलं. गप्प का बसता, हे विचारायला गेलो आणि एका गरोदर बाईला घरी बसवून आलो.

संचालकांनी शुक्रवारी बैठक लावली. "मुलगी दोषी निघाली तर तिची नोंदणी रद्द करावी लागेल," ते म्हणाले.

"मुलगीच कशावरून?"

"तिचे मार्गदर्शकच म्हणतायत."

२

मुलाखतींना हात लागलेली माणसं तीन. मी तिघांना एकेक करून बोलावलं.

चैताली इंदुरीची. डोळे सुजलेले, पण आवाज खणखणीत. "मी फक्त प्रेस खात्यातल्या कायम कामगारांशी बोलले, मॅडम. पंधरा जण. कंपनीत नाही, त्यांच्या त्यांच्या गावात जाऊन. पॅकिंगकडे मी फिरकलेसुद्धा नाही. नावांची यादी माझ्या कपाटात, किल्ली माझ्या गळ्यात." तिनं खरंच गळ्यातली किल्ली ओढून दाखवली.

"मग कुणी फोडलं?"

"मला ठाऊक असतं तर मी रडत बसले असते का?"

दुसरा प्रज्ञेश, देहूरोडचा. रेकॉर्डिंग ऐकून टाइप करायचं काम त्याचं. वडील लष्करी डेपोत होते, हा स्वतः दोन वर्षं कारखान्यात राबून आता संस्थेत लागलेला. "मी ऐकलं तसं टाइप करतो, मॅडम. 'न्हाई' म्हटलं तर 'न्हाई'च. सुधारत बसत नाही. पानं चैतालीताईंना दिली आणि माझ्याकडची फाइल त्यांच्यासमोर पुसली."

तिसरे मार्गदर्शक, डॉ. सत्यम. पुण्यात वाढलेले, परदेशात शिकलेले, चाळिशीचे, अतिशय गोड बोलणारे. चैतालीची मराठी पानं त्यांच्याकडेही होती. परदेशी नियतकालिकासाठी त्यांचं इंग्रजी भाषांतर त्यांनी स्वतः, घरी बसून केलं होतं. चैतालीला ते अजून दाखवलंही नव्हतं. "तिचं इंग्रजी कच्चं आहे, बिचारीचं," ते म्हणाले. "आणि तोंडाची फटकळ. कुठेतरी बोलून गेली असणार. मुद्दाम नाही हं. मुलगी वाईट नाही."

वाईट नाही म्हणत माणसाला खड्ड्यात घालणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण नुसत्या रागानं काही सिद्ध होत नाही.

कंपनीनं संचालकांवर फोनवर आग पाखडली होती ती चौदा नंबरच्या बोलण्यावरून. मी ते पान मागून घेतलं. त्यावर असं होतं:

"दोनदा पाळी चुकली आमची. सायबाला सांगाय गेलतो तर म्हनला, घरचं घरी ठिवा, हितं नका आनू. मंग प्रेसचं गार्ड काडून ठिवलंय, ह्ये तरी कुनाला सांगायचं? तवापासनं आमी तोंडच उगडलं न्हाई."

प्रेसचं गार्ड म्हणजे पत्रा दाबणाऱ्या मशिनीत हात जाऊ नये म्हणून लावलेली जाळी. ती काढली की माल भराभर निघतो आणि एखाद दिवशी कुणाची तरी बोटं जातात. कंपनी का चवताळली ते कळलं. पण पॅकिंगमधल्या हिरावर बोट कसं गेलं? त्या चार वाक्यांत तिचं काय होतं? मी पान दहा वेळा वाचलं आणि दहाही वेळा हात हलवत परत आले.

३

औंढ्यात हिराचं घर शेताच्या कडेला. श्रावणातलं धुकं दारापर्यंत उतरलेलं, घरात दिवसाही दिवा. तिचा नवरा हनुमंत नुकताच कामावरून आला होता. तोही त्याच कंपनीत, पण कायम. मला पाहून तो उठला, "बसा, बाई," म्हणाला आणि स्वतः उंबऱ्यापाशी टेकला. पुढे तासभर तो पायाच्या अंगठ्याकडे बघत होता.

"कसं काढलं ते सांग," मी हिराला म्हटलं.

"त्या प्रेरणा म्याडम हायत ना, मानसं ठिवत्यात-काडत्यात त्या. त्यांनी बोलिवलं. आदी लय ग्वाड बोलल्या. कितवा म्हयना म्हनून इचारलं. म्यां म्हनलं चवथा. मंग म्हनल्या, सुपरवायजरला सांगितलं व्हतंस ना? म्हनलं, व्हय, हलकं काम द्या म्हनून गेलते. तर त्यो म्हनला घरचं घरी ठिवा. त्यो समद्यांनाच तसं म्हनतो. म्याडमनी नुसती मान हलिवली. दुसऱ्या दिशी गेटावर पास काडून घ्येतला. म्हनल्या, कॉलेजवाल्यांना तू काय बोललीस त्ये लिवलेलं आलंय आमच्याकडं."

"तब्येत कशी आहे आता?"

"आता बरी हाय. मदी दोनदा लय तरास झाला, रगात गेलं. दोनी येळंला ह्यांनीच पाटंचं तळेगावला दवाखान्यात न्हेलं." तिनं उंबऱ्याकडे पाहिलं. हनुमंत हलला नाही.

मग मी एक चूक केली. कंपनीकडे ते बोलणं गेलंच आहे, आता लपवायचं काय, असा विचार करून मी पिशवीतून पान काढलं आणि तिला वाचून दाखवलं. कुणाचं असेल, काही अंदाज येतोय का, म्हणून.

हिरानं सगळं ऐकलं. तिच्या हातात कप होता. तो तिनं हळूच खाली ठेवला.

"न्हाई बा," ती म्हणाली. "मला काय ठावं?" आणि चुलीकडे तोंड करून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"बाई, माजा अर्ज मागं घ्या."

"का गं? कुणी धमकावलं का?"

"न्हाई. ऱ्हाऊ द्या आता." आणि तिनं फोन ठेवला.

४

धमकावलंय म्हणजे कंपनीनंच, असं धरून मी तडक कामशेतला गेले. गेटाशी फळा होता: पहिली पाळी, दुसरी पाळी, तिसरी पाळी, आणि पुढे वेळा. पहारेकऱ्यानं मला अर्धा तास पावसात उभं केलं. मी त्याला कामगार कायद्याची दोन कलमं म्हणून दाखवली, तेव्हा खुर्ची मिळाली.

प्रेरणा तिशीची, नीटनेटकी, दमलेली. "कंत्राट संपलं म्हणून काढलं," तिनं पाठ केलेलं वाक्य म्हटलं.

"कागद आला म्हणून काढलं. तुम्हीच तिला बोललात."

मी चहा मागितला. चहा येईपर्यंत माणसं बरंच काही बोलतात, हा माझा अनुभव.

"कागद मोठ्या साहेबांकडे आला," ती शेवटी म्हणाली. "कुणाकडून ते त्यांनी सांगितलं नाही. ते दक्षिणेकडचे, त्यांना मराठी येत नाही. मला म्हणाले, ही कोण ते शोधा. माझी नोकरी आहे मॅडम, मी शोधलं. हिराला आज कुणी धमकावलेलं नाही, आईची शपथ."

"पण हिराच कशावरून? नाव तर नव्हतं."

"नाव कशाला लागतं? अशी आमच्याकडे एकच होती."

"अशी म्हणजे कशी?"

प्रेरणाचा चेहरा उतरला. आपण जास्त बोललो हे तिला कळलं. ती उठली आणि तिनं माझ्यासाठी दार उघडून धरलं.

५

गुरुवारी दुपारी संस्थेच्या पाहुण्यांच्या खोलीत मी ते पान समोर घेऊन बसले होते. बाहेर धुक्यात सहलीच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. माझं डोकं उठलं होतं. शुक्रवारी चैतालीची पाच वर्षांची मेहनत पाण्यात जाणार होती, हिरा अर्ज मागं घेऊन बसली होती, आणि मी आपली 'अशी म्हणजे कशी' घोकत होते.

संस्थेत साफसफाईला असलेल्या लीलाबाई फरशी पुसत होत्या. मी वैतागून मोठ्यानं वाचायला लागले. "दोनदा पाळी चुकली आमची. सायबाला सांगाय गेलतो..."

लीलाबाईंनी फडकं पिळता पिळता विचारलं, "कुनाला दिस गेलं, बाई?"

"काय?"

"पाळी चुकली म्हनलात न्हवं?"

तीस वर्षं मी पाळ्यांचे तंटे ऐकले. पाळी बदलली, पाळी बुडली, सलग दोन पाळ्या लावल्या. पाळी म्हणजे शिफ्ट, याखेरीज दुसरा अर्थ माझ्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. अरे देवा, बाई असून!

'अशी एकच होती.' 'कितवा महिना?' सगळं धडाधड जुळलं. दोनदा पाळी चुकली, साहेबाला सांगायला गेलो, तो म्हणाला घरचं घरी ठेवा. कंपनीनं वाचलं ते एका गरोदर बाईचं गाऱ्हाणं! 'आमी गेलतो'मध्ये बाई की पुरुष तेही कळत नाही. मग त्यांनी पोटुशी कामगार शोधली, जी खरोखरच सुपरवायझरकडे गेली होती. ती निघाली हिरा.

पण ज्या कंपनीच्या गेटावर 'पहिली पाळी' लिहिलंय, तिथं हे मराठी पान गेलं असतं तर ही चूक कुणी केली असती का?

मी चपला घातल्या आणि चैतालीला शोधायला पळाले. मला तिला एकच प्रश्न विचारायचा होता.

६

शुक्रवारच्या बैठकीत डॉ. सत्यम यांनी सुरुवात केली. चैतालीच्या भविष्याची आपल्याला किती काळजी आहे, इथपासून. मी ते होऊ दिलं.

मग म्हटलं, "सर, चौदा नंबरचं तुमचं भाषांतर जरा वाचा ना. पहिलं वाक्य."

"त्याचा इथे काय संबंध?"

"वाचा हो. आम्हाला कुठे परदेशी छापलेलं वाचायला मिळतं!"

त्यांनी लॅपटॉप उघडला आणि वाचलं. "आय मिस्ड माय पीरियड ट्वाइस..."

प्रज्ञेश दाराशी बसला होता. तो खुर्चीत सरळ झाला. "सर, पाळी म्हणजे शिफ्ट! शिफ्ट चुकली त्यांची. आमच्याकडे सगळे असंच म्हणतात."

"म्हणजे?" डॉ. सत्यम म्हणाले.

"म्हणजे असं," मी म्हटलं. "कंपनीनं हिराला काढलं ते ती गरोदर आहे म्हणून ओळखून. तो घोळ मराठीवरून त्या कंपनीत होऊच शकत नाही, तिथे दिवसातून तीनदा पाळी होते. तो इंग्रजीवरून झाला. आणि ते इंग्रजी अख्ख्या जगात एकाच माणसाकडे होतं. चैतालीनं ते पाहिलेलंसुद्धा नाही."

"भाषांतर चूक कशावरून? चौदा नंबर बाई नसेल कशावरून? नाव सांगा," ते म्हणाले. गोडवा संपला होता.

"नाव नाही सांगणार. चैताली, मी तुला काल जे विचारलं ते इथे सांग."

चैताली उभी राहिली. "प्रेस खात्यात एकही बाई नाही, सर. माझे पंधराही जण पुरुष आहेत. तुम्ही एकदा माझ्याबरोबर आला असता तर तुम्हाला दिसलं असतं."

मग डॉ. सत्यम यांनी लॅपटॉप मिटला.

"नावं नव्हती त्यात," ते हळू आवाजात म्हणाले. "पुढच्या टप्प्याला कंपनीची परवानगी हवी होती. ते म्हणाले, थोडं काहीतरी वाचायला द्या. मी चार उतारे पाठवले. मला काय माहीत ते असं शोधतील!"

"आणि शोधल्यावर तुम्ही या पोरीचं नाव पुढे केलंत," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता आणि मला त्याची लाज वाटली नाही.

चैतालीला दुसरा मार्गदर्शक मिळाला. डॉ. सत्यम यांची चौकशी लागली. आणि संचालकांनी समितीच्या संमतीनं नियमाला एवढ्यापुरती मुरड घालून कंपनीला पत्र लिहिलं: सदर उतारा महिलेचा नाही, मूळ मराठीत 'पाळी' म्हणजे शिफ्ट, तरी हिरा यांना विनाविलंब कामावर घ्यावं. पत्र मीच पोचवते, असं मी म्हटलं. उगाच हुशारी!

रिक्षात बसून मी ते पुन्हा वाचलं आणि 'महिलेचा नाही' या शब्दांवर अडकले.

महिला नाही म्हणजे पुरुष. शिफ्ट चुकली म्हणजे हजेरीपट. प्रेस खात्यात घरच्या कारणानं दोनदा कुणाची पाळी चुकली, हे शोधायला प्रेरणाला पाच मिनिटं पुरली असती. आणि मला तर तेवढीही नकोत. दोनदा रक्त गेलं. दोन्ही वेळेला पहाटे तळेगावला कुणी नेलं?

म्हणून तिनं कप खाली ठेवला होता.

"कामशेत नको," मी रिक्षावाल्याला म्हटलं. "औंढ्याला चल."

७

हिरा एकटीच होती, तांदूळ निवडत. मी पत्र काढलं. तिनं ते वाचायला मागितलं नाही.

"ह्ये दिलं की मला घ्येतील?"

"घेतील बहुतेक."

"आनि दुसरं मानूस हुडकतील."

"हो."

"मंग देऊ नका." ती तांदळातून खडे काढत राहिली. "तुमी वाचलं तवाच वळाखलं म्यां. माज्या दुकन्यापायीच चुकल्या त्या पाळ्या. त्यांचं काम कायमचं हाय, बाई. माजं आज ना उद्या जानारच व्हतं."

"अगं, पण तुझी रजा गेली. नवऱ्याशी तरी बोललीस का?"

"न्हाई. बोलले की ते उद्या जाऊन सायबाला सांगत्याल, म्यांच बोललो म्हनून. लय साधं मानूस हाय. मंग दोघंबी घरी." तिनं तांदूळ बाजूला सारले. "मला राग येत न्हाई असं न्हाई. रातीला ते पाठ करून झोपत्यात, तवा वाटतं हालवून इचारावं. पर मला ठावं हाय ह्ये त्यांना कळलं, तर ते माज्याकडं बघनारबी न्हाईत परत. तुमी सांगू नका. माजी आन हाय."

मला तिचा राग आला, त्याचा आला, सत्यमचा तर आलाच. मी पत्राचे चार तुकडे केले आणि तिच्या चुलीत घातले. संचालकांना काय सांगायचं ते मी पाहून घेणार होते.

निघताना हनुमंत वाटेत भेटला, पहिली पाळी करून येत होता. सडकेपर्यंत सोडतो म्हणाला. धुक्यात आम्ही दोघं चाललो. सडक आली तसा तो थांबला.

"बाई, हिचं काम झालं का?"

"नाही झालं."

"कोन बोललं त्ये लागलं?"

"ते आम्ही सांगत नाही कुणाला."

"हिला कुनाचा सौंशय?"

"नाही. कंपनीनंच काहीतरी रचलं असं तिला वाटतं."

त्यानं डब्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग एकदम बोलायला लागला. "म्यां हाय त्यो. म्यां बोललो. रोज गेटातनं आत जाताना ठरवतो, आज सांगायचं. आन् रोज मशीन सुरू करतो. आता तुमीच सांगा, बाई. उद्या जाऊन सांगू का? तुमी म्हनाल तसं करतो."

मान खाली, हात जोडलेले. माझ्या उभ्या नोकरीत इतकं खरं बोललेला कामगार मला भेटला नव्हता. सांग, असं म्हणणं माझं कामच होतं.

"नका सांगू," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. इतक्या पटकन म्हणाला की मला त्याच्याकडे बघवेना, आणि त्यालाही ते कळलं. तेवढ्यात लोणावळ्याची जीप आली. हनुमंतनं पुढे होऊन हात केला, ड्रायव्हरशेजारच्या माणसाला मागे बसवलं आणि मला पुढची जागा करून दिली.